डावीकडचा पास

पंचाहत्तरच्या सुमारास नागपूरच्या आमच्या मिलमध्ये नवे माग बसवायला एक जपानी मेकॅनिक आला. तिकडं तो कंपनीच्या संघात फुटबॉल खेळायचा, मिडफिल्डला. मराठी कामगारांकडूनच शिकल्यामुळं ‘काहून गा’ अगदी झोकात म्हणायचा. चालताना मात्र सारखा डाव्या खांद्यावरून मागं बघायचा.

पाळी सुटली की मिलमागच्या मैदानावर एकटाच चेंडू घेऊन उभा राहायचा आणि डावीकडं हळूच पास द्यायचा.

एकदा मी विचारलं, “तिकडं तर कोणीच नाही. कोणाले देऊन राहिला गा?”

“दोस्ताले,” तो म्हणाला. “मॅचमध्ये माझा पास लांब गेला. तो चेंडूमागं धावला, भिंतीवर आदळला, मेला. मी खेळ सोडला. आता हळू देतो.”

त्यानं पुन्हा चेंडू सरकवला. मैदानाला चांगला उतार होता, तरी चेंडू मध्येच थांबला, कुणी तळव्याखाली दाबून धरावा तसा.

“आणून दे गा,” तो म्हणाला.

मी चार पावलं गेलो आणि परत फिरलो. तो स्वतः गेला, चेंडूसमोर थांबला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि मग चेंडू उचलला.