शिंगटीची तिसरी ओढ

आमच्या ह्यांना लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली होती. पाय काठीच्या आधाराने थोडा परत आला. हातही वर होतो, वस्तू धरता येते, पण बोटांना काही कळत नाही. चहाचा पेला गरम की गार हे त्यांना डाव्या हाताने बघावं लागतं. तळोज्याच्या कारखान्यातली नोकरी सुटली आणि हे ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. हे संडासापर्यंत जायचे, तेवढंच.

पूर्वी सुट्टीच्या दिवशी ते घरात सापडायचे नाहीत. गाढी नदीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचे. हल्ली पूल झाल्यापासून मुंबईची पोरं दोरा गुंडाळायच्या चकत्या लावलेल्या काठ्या घेऊन येतात. ह्यांच्याकडे काठीसुद्धा नव्हती. नुसता नायलॉनच्या दोऱ्याचा बारीक तंगूस, शिशाचा हरभऱ्याएवढा तुकडा, एक लहान वाकडी गरी आणि तिला टोचलेलं गांडूळ. तंगूस पहिल्या बोटावर घेऊन बसायचं. शिंगटी, ती मिशांची काटेरी मासळी, तळाला चिखलात चरते, ती दिसत नाही. ती काय करते ते फक्त बोटाला कळतं.

एका सकाळी मी म्हटलं, "नदीवर चला."

"कशाला? लोकांना तमाशा दाखवायला?"

"मला शिंगटी खायाची हाय."

मी कधी काही मागत नाही, म्हणून असेल, ते उठले. एरवी दहा मिनिटांची वाट, आम्हाला पाऊण तास लागला. त्यांनी डाव्या हाताने गरी टाकली, ती जवळच पडली. मग डावा हात तोल सावरायला दगडावर टेकला आणि तंगूस सवयीने उजव्या हाताच्या बोटावर घेतला. मी मागे दगडावर बसले होते. तंगूस पाण्यात शिरतो त्या जागी मला थरथर दिसली. एकदा, मग परत. मग तो ताणला गेला. हे समोरच्या काठाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी ओढून बघितलं तर गरी रिकामी. दुसरं गांडूळ लावलं, तेही गेलं.

"खेकडं खातान," ते म्हणाले.

तंगूस हलताना मी बघितला होता, ते सांगितलं नाही. चारचौघांत मला बोलता येत नाहीच, पण त्यांच्याशीही असलं काही बोलायची मला सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी चालायच्या काठीला हात लावला नाही. "नदीत काय राह्यलं नाय. पूल झाल्यापासनं मासं पळालं," एवढं बोलून भिंतीकडे वळले. मला भीती वाटली की आता हे परत त्या ओटीवरून उठणार नाहीत.

म्हणून मी जे केलं ते केलं. बाजारात एक म्हातारी पातेल्यात जिवंत शिंगट्या घेऊन बसते. तिच्याकडून एक घेतली आणि दुधाच्या किटलीत पाणी घालून पिशवीत लपवली. ह्यांना म्हटलं, एकदाच चला, परत नाही म्हणणार. नदीवर ते तंगूस दगडाखाली दाबून झुडपामागे लघवीला गेले. मी भराभर गरी वर घेतली, शिंगटीच्या ओठात अडकवली आणि पाण्यात सोडली. तिचा काटा माझ्या अंगठ्यात गेला. कळ खांद्यापर्यंत गेली, पण मी तोंडातून आवाज काढला नाही.

ते येऊन बसले. मी म्हटलं, "अवो, दोरी हलली बगा."

त्यांनी डाव्या हाताने ओढलं. शिंगटी वर आली आणि त्यांचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, जमलं. मग त्यांनी मासा फिरवून बघितला. एकदा त्याच्या तोंडाकडे, एकदा माझ्या अंगठ्याकडे. अंगठा सुजून लाल झाला होता.

"शिंगटी गरी गिळते," ते म्हणाले. "पोटातनं काढाया लागते. ही ओठाला लटकलीय. दोरीवर चड्डी वाळत घातल्यासारखी."

मी मान खाली घातली.

"बाजारातनं आणलीस?"

"हो."

त्यांनी मासा सोडवून पाण्यात टाकला. मग त्यांनी हळू विचारलं, "मासं लागत व्हतं काय गो? आधीच्या दोन दिसांत?"

खोटं बोलणं सोपं होतं. एक खोटं तर आत्ताच पकडलं गेलं होतं. मी म्हटलं, "पयल्या दिवसापासनं. तुमच्या बोटाला कळत नाय."

त्यांनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. दुसऱ्याचा हात असावा तसं. मला वाटलं आता काठी घेऊन उठतील. ते म्हणाले, "आन हिकडं. माजा डावा हात टेकाया लागतो, तुजं बोट दे. सुजलेलं नको, दुसरं."

त्यांनी तंगूस माझ्या डाव्या हाताच्या बोटावर ठेवला. "पयल्या ओढीला ती मिशी लावते. दुसरीला चाखते. तिसरीला गिळून चालाया लागते. तवा खेचायचं. मधी नाय."

पहिली ओढ आली, मुंगी चालावी तेवढी. दुसरीला मी घाबरून खेचलं. गरी रिकामी.

"अगो, बस सुटतेय काय तुजी?" ते ओरडले. लकवा झाल्यापासून ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले होते. मला बरं वाटलं. नवीन गांडूळ लावून गरी परत पाण्यात सोडली.

तेवढ्यात वाटेने आमची चुलत जाऊ चालली होती. ती थांबलीच. "काय गो वयनी, आता तू गरवतेस? भावजी नुसतं बसतान?" मला पदराआड तोंड लपवावंसं वाटलं. पण बोटावर तंगूस होता, हात हलवता येईना.

"तिचं फक्त बोट हाय," हे म्हणाले. "गरी माजीच हाय. तू जा, मासं पळतील."

ती हसत गेली. पहिली आणि दुसरी ओढ मी तशीच जाऊ दिली. तिसरी ओढ आली तेव्हा हे माझ्या आधी "आता!" म्हणाले, कारण त्यांची नजर पाण्यावर होती. मी खेचलं. वीतभर शिंगटी आली, गरी पार घशात. काट्यांच्या मागे बोटं कशी धरायची ते त्यांनी डाव्या हाताने दाखवलं.

आता खाडीची भरती नदीत चढायच्या सुमाराला हे स्वतःच काठी घेऊन दाराशी उभे असतात. कधी चार मिळतात, कधी एकही नाही. बायका अजून हसतात, मी खाली बघते.

कधी कधी माझं लक्ष नाही असं त्यांना वाटलं की ते तंगूस हळूच स्वतःच्या उजव्या बोटावर घेतात आणि डोळे मिटतात. तेवढा वेळ मी पुलावरच्या गाड्यांकडे बघत बसते. मग ते तंगूस परत माझ्या बोटावर ठेवतात.