मागचा फळा

सापडेल सर गेले, आणि जाता जाता बायकोच्या गळ्यात एक फळा अडकवून गेले.

'सापडेल सर' हे मुलांनी ठेवलेलं नाव. हायस्कूलमध्ये गणित शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले, पण कुणाला त्याची चूक त्यांनी कधी दाखवली नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीवर त्यांनी एक जादा फळा बसवून घेतला होता. ज्याचं गणित चुकलं त्याने ते तिथे जाऊन जसंच्या तसं उतरवायचं, आणि स्वतःला चूक सापडेपर्यंत कुणी पुसायचं नाही. इतरांना दिसली तरी तोंड मिटून बसायचं. पोर अगदी रडकुंडीला आलं की सर म्हणायचे, "सापडेल," आणि पुढच्या गणिताला लागायचे.

सरांच्या बायकोला त्या फळ्याचा मनस्वी राग होता. त्याच्यापायी अभ्यासक्रम कधी वेळेत संपला नाही. मग जादा तास, मग सुट्टीच्या दिवशीही शाळा. पालक तक्रारी घेऊन थेट घरी यायचे आणि त्यांना पाणी द्यायला हीच पुढे. मुख्याध्यापकाची खुर्ची सरांच्या हाताखाली आलेल्या माणसाला मिळाली, तेव्हा सर म्हणाले, बरं झालं, त्याला बोलायला आवडतं. घरातही तोच खाक्या. एकदा प्लंबरने नळ उलटसुलट जोडला, तर हे शेजारी स्टूल टाकून शांत बसले, त्याचं त्याला कळेल म्हणून. स्वयंपाकघराचं तळं झालं आणि फडकं हिच्या हातात. सख्खी मुलगी बापाला चुकवून मैत्रिणीच्या वडिलांकडे गणित शिकायला जायची. हे एक दिवस सरांना कळलं. त्या रात्री ते जेवले नाहीत, बोलले मात्र काहीच नाहीत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही.

दवाखान्यात त्यांना धाप लागायची, तरी एकच घोकणं. वर्गातल्या एका मुलीने भूमितीची सिद्धता लिहिली होती. पायरीन् पायरी बरोबर दिसत होती आणि शेवटी निघत होतं की कुठल्याही त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्याच. असली झकास चूक मी उभ्या जन्मात पाहिली नाही, म्हणाले. पोरगी रोज शाळा सुटल्यावर त्या फळ्यापुढे बसते म्हणे.

"तिला सापडेपर्यंत पुसू देऊ नकोस," ते म्हणाले. "एवढं बघ."

बायकोचं काय होईल, याबद्दल चकार शब्द नाही. ती चिडली, रडली, आणि ते गेल्यावर चौथ्या दिवशी चपला घालून मुख्याध्यापकांकडे गेली. सरांच्या वर्गातच शोकसभा ठेवतोय, ते म्हणाले, आणि फळ्याला कुणी बोटही लावणार नाही, माझा शब्द.

त्यांनी शब्द पाळला. सभेच्या दिवशी मागच्या फळ्याभोवती फुलं लावली होती आणि मधे त्या मुलीचा त्रिकोण तसाच होता. नवऱ्याने सांगितलेलं एक काम तरी धड झालं, असं वाटून ती जरा सैलावली. भाषणं झाली. सर कधी रागावले नाहीत, सरांनी संसाराकडे पाहिलं नाही, असं जो तो कौतुकाने सांगत होता. संसाराकडे पाहणारी समोरच बसली होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी मुख्याध्यापक उठले. सरांबद्दल त्यांना वाटायचं ते खरंच वाटायचं.

"सरांचं एक काम अपुरं राहिलंय," ते म्हणाले. "ते आज मी पूर्ण करतो."

त्यांनी लाल खडू घेतला आणि त्रिकोणाच्या आतल्या बिंदूवर फुली मारली. हा बिंदू आत नाहीच, बाहेर पडतो, इथेच सगळं फसलंय, असं सांगत त्यांनी बाहेर ठळक टिंब काढलं. लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या.

सरांची बायको ओरडायला म्हणून उठली, तोवर सगळं होऊन गेलं होतं. वर्ग रिकामा झाला तरी ती मुलगी बाकावरच होती.

"मला सापडत आलं होतं," मुलगी म्हणाली. "आकृतीतच काहीतरी आहे, इथपर्यंत आले होते मी."

सरांची बायको तरातरा फळ्यापाशी गेली. इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो फळा तिने डस्टरने खसाखसा पुसला. खडू मुलीच्या हातात कोंबून ती म्हणाली, "लिही परत. होतं तसंच लिही."

मुलीने त्रिकोण काढला. आतला बिंदू काढायला हात नेला आणि तो तिथेच थांबला.

"आता नाही जमत, काकू," ती म्हणाली. "हात आपोआप बाहेर जातोय."