बे एके बे, ढोलावर

सुमेधा बापट ही माझी मैत्रीण आणि माझ्या डोक्याला ताप. नवऱ्याच्या बँकेनं बदली केली म्हणून साताऱ्याहून चंडीगढला आली आणि इथं तिचा राजस मराठी बोलेनासा झाला. समजायचं सगळं. पण आईनं "जेवलास का?" विचारलं की उत्तर यायचं, "हां जी, खा लिया." एवढ्यावरून ती रडकुंडीला यायची. पोराच्या तोंडून आपणहून आलेलं एक मराठी वाक्य ऐकायचं, एवढीच तिची हौस उरली होती.

म्हणून आमच्या मंडळाच्या गणपतीत राजस बेचा पाढा म्हणणार, असं तिनं परस्पर जाहीर केलं. राजसनं कानावर हात ठेवले. "मम्मा, 'बे' बोलना गंदी बात है. मैम डांटेंगी." शाळेत कुणाला तरी 'क्या बे' म्हटल्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं होतं. सुमेधानं समजावलं की पाढ्यात बे म्हणजे दोन, आणि माईकवर ते कितीही ओरडलं तरी कुणी रागावणार नाही. मग कार्टं एका पायावर तयार झालं. अट एकच, भांगडा पाहिजे.

ढोलाला शेजारचे गुरमीतसिंग आले. साठी उलटलेली, पांढरीशुभ्र दाढी, मराठीचा गंध नाही. मी म्हटलं, "सुमे, पाढ्याची पार वाट लागेल." ती म्हणाली, "लागू दे. तोंड तरी उघडेल."

"बे एके बे"ला ढोल घुमला आणि "बे दुणे चार"ला अध्यक्षांसकट सगळं मंडळ खांदे उडवायला लागलं. मीही उडवले, खोटं कशाला बोलू. बघता बघता "बे दाहे वीस" झालं, पण गुरमीतसिंग रंगात आलेले, ते थांबेचनात. राजसची पुंजी तर संपलेली. तो घाबरून हात हलवत ओरडला, "अहो काका, थांबा ना, संपला की पाढा!"

आता पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा. या वयात आपल्याला कुणीतरी पोरगा म्हटलं, म्हणून गुरमीतसिंग असे खुलले की दुप्पट जोरानं वाजवायला लागले.

"काका, नको ना. मला पुढचं येत नाही. आई, तू तरी सांग ना त्यांना."

सुमेधा विंगेत उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. तिनं गुरमीतसिंगांकडे बघून हात उंच केला आणि म्हणाली, "और बजाओ जी."