मासळीच्या बर्फावरून राष्ट्रीय कपाकडे

माझ्या मुलीने आइस हॉकीचा राष्ट्रीय कप खेळायचा, हे तिच्या स्केटिंगच्या सरांनी ठरवलं तेव्हा रायपुरात घरोघरी पंखे सुरू होते. समता कॉलोनीतल्या एका मंगल भवनामागे सिमेंटचं पटांगण आहे. तिथे दहा-बारा पोरी चाकांचे बूट घालून चेंडूमागे धावत होत्या, आणि सर मला समजावत होते, "दीदी, बर्फ हो या सीमेंट, बैलेंस तो बैलेंस है।"

"सर, इन्होंने बर्फ सिर्फ गन्ने के रस में देखी है," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. महिलांच्या गटातल्या आजवरच्या विजेत्यांची यादी. वरून खालपर्यंत फिरून फिरून तेच दोन-तीन संघ, उंच पहाडातल्या पोरींचे आणि वर्दीतल्या बायकांचे. मैदानी राज्याचं एकही नाव नाही. मी ते दाखवलं तर सर खूश झाले. म्हणाले, "इसीलिए तो मौका है।" या माणसाशी वाद घालताना माझी जीभ दमायची, त्यांची नाही.

मुलगी चौदा वर्षांची. मी नागपूरकडची, घरात माझीच बोली बोलते. तिला सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीत देते. तिनं ती यादी पाठ करून टाकली.

"काहून पाठ करून राहिली? परीक्षेत येणार आहे का?"

"किससे हारना है, पता तो हो।"

मग फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, बर्फावरचा सराव. सरांनी तिथं लिहिलं, 'नियमित'. मी नव्या रायपुरात सरकारी ऑफिसात काम करते; खोटा रकाना दिसला की मला झोप येत नाही. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रविवारी सगळ्या पोरींना घेऊन गुढ़ियारीतल्या बर्फाच्या कारखान्यात पोहोचले. मीही मागोमाग गेले, कारण भरवसा नव्हता.

भुश्श्यात झाकलेल्या लांबच लांब लाद्या. त्यावर एकेक पोट्टी दोन्ही बाजूंनी हात धरून उभी केली. माझी मुलगी दोन पावलं सरकली आणि बसलीच. तेवढ्यात आतून मालक ओरडत आला, "अरे, ये मछली वालों का माल है! इस पर जूता?" तिथला हमाल हसत सरांना म्हणाला, "हव, अब खेल लो हॉकी।" एवढा आमचा बर्फावरचा सराव. फॉर्ममधलं 'नियमित' तसंच राहिलं.

संघाबरोबर एक बाई हवी म्हणून मीच मॅनेजर झाले. गोल बाज़ारात दुकानदाराला पोरींसाठी गरम कपडे मागितले तर तो म्हणाला, रायपुरात एवढं जाड कोणी घेत नाही. जे मिळालं ते एकावर एक चढवून आम्ही निघालो. ऐन थंडीत वर पहाडात पोहोचल्यावर दोन दिवस कोणाचं डोकं दुखणं थांबेना. सर स्वतः रजई सोडेनात. तिसऱ्या दिवशी पहिला सामना, आणि तोही गेल्या वेळच्या विजेत्यांशी.

तिथं उसने मिळालेले पात्यांचे बूट घालून गोठलेल्या तळ्यावर आमच्या पोरी उतरल्या. धावायला त्यांना येत होतं, अगदी जोरात. थांबायला येत नव्हतं. चाकांच्या बुटाने जसं थांबतात तसं त्यांनी पाय आडवा टाकला, तर त्या तशाच घसरत जाऊन कडेच्या फळ्यांवर आदळायच्या. एक, मग दुसरी, मग माझी. गोल मोजणं मी लवकरच सोडून दिलं. मी नुसती ओरडत होते, "अवं थांब! थांब ना वं!" जणू ती ऐकत नव्हती म्हणूनच आदळत होती.

सामना संपला तेव्हा मला सरांची गचांडी धरायची होती. पण त्या जिंकलेल्या संघाची कप्तान सरकत आमच्याकडे आली. लाल गालांची, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. तिनं हिंदीत विचारलं, "तुम्हें रुकना किसी ने नहीं सिखाया?" आणि माझ्या मुलीचा हात धरून तिला तळ्याच्या मध्यावर नेलं. गुडघे वाकवून दोन्ही पाय एकदम कसे वळवायचे, ते तासभर दाखवत राहिली. तिच्या गावात थंडीत सगळे मिळून बर्फावर पाणी ओततात, सकाळी पोरी झाडू मारतात, तेव्हा खेळायला जागा होते, हेही तिनंच सांगितलं. पुढचे सामनेही आम्ही हरलो, पण फळ्यांवरचे आवाज कमी झाले. कप पुन्हा त्या कप्तानच्याच संघाने नेला.

परत आलो तर मंगल भवनात सत्कार. भला मोठा फ्लेक्स: 'राष्ट्रीय आइस हॉकी कप विजेता बेटियाँ'.

मी कॉलोनी समितीच्या अध्यक्षांना बाजूला घेतलं. "भैया, हारी हैं। सारे मैच।"

"दीदी, वहाँ तक पहुँचना भी जीत ही है।"

"तो 'पहुँचीं' लिखिए।"

"अब तो छप गया।"

माझा आवाज चढणार तेवढ्यात मुलीने माइक घेतला. "हम एक भी मैच नहीं जीते," ती म्हणाली. मग तिनं यादीतले विजेते ओळीने सांगितले, अडखळली नाही, आणि त्या कप्तानच्या गावातल्या पाण्याचं आणि झाडूचंही सांगितलं. अध्यक्षांनी जोरात टाळ्या वाजवल्या, तिला शाल घातली आणि म्हणाले, "ऐसी होती हैं हमारी विजेता बेटियाँ!"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली तेच. मी फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मैडम, जीत कटवाने वाली माँ पहली बार मिली।" मी त्याच्यावर चिडले, तो माझ्यावर चिडला. शेवटी मुलीने माझ्या हातून फोन घेतला आणि जिंकलेल्या संघाचं नाव त्याला एकेक अक्षर सांगून लिहून घ्यायला लावलं.

दोन दिवसांनी आतल्या पानावर दुरुस्तीची एक ओळ आली. विजेत्या संघाचं नाव चुकीचं छापलं होतं.

"हे पाह्य, हे पाह्य," मी पेपर आपटत म्हटलं. "आता त्याले पुन्हा फोन लाव."

तिनं लावला नाही. त्या ओळीचा फोटो काढून तिनं कप्तानला पाठवला. तिकडून काय उत्तर आलं ते मला दाखवलं नाही. पलंगावर पडून ती कितीतरी वेळ हसत होती, आणि मी चष्मा लावून पेपरवाल्यांचा नंबर शोधत होते.