रुग्ण टेबलावर आल्यापासून पंधरा मिनिटं

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चार वर्षं माझ्याकडे राहून शिकली. वैद्यकीय इमेजिंग आणि रेडिओथेरपीची पदवी. म्हणजे एक्स-रे, सीटी, एमआरआय काढायचं आणि कॅन्सरच्या पेशंटला यंत्रातून किरण द्यायचे. हे मी निदान दोनशे वेळा लोकांना सांगितलं असेल. तरी नात्यातली माणसं विचारायचीच, बटण दाबायला चार वर्षं कशाला लागतात? समोरच्या बिऱ्हाडातली बाई तर भाचीच्या छातीवरचा किरण मोजणारा बिल्ला पाहून जिन्यात अंग चोरून उभी राहायची. बिल्ल्यातून काही बाहेर येत नाही, तो नुसता मोजतो, हे मी तिला समजावलं. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन पायऱ्या वर जाऊन उभी राहिली. अशांपुढे मी हात टेकले.

पण मुलीचं घोडं अडलं होतं ते लोकांपायी नव्हे. पोरगी सावकाश होती. घरातून निघताना कुलूप लावायची, ओढून बघायची, चार पायऱ्या उतरायची आणि परत येऊन ओढायची. भाजी चिरायला बसली की मला सुरी हिसकावून घ्यावीशी वाटे. एक्स-रे विभागात पहिल्याच महिन्यात तिचं नाव पडलं, 'सावकाश'. तिथे तिच्या नावावर एकही फोटो पुन्हा काढायची वेळ आली नव्हती, पण ते कोणी मोजत नव्हतं. बाहेर बाकावर किती माणसं ताटकळली आहेत, तेवढं मोजलं जायचं.

लेखी परीक्षा तिने चांगल्या मार्कांनी काढल्या. भौतिकशास्त्राचं गणित मी घेतलं, शरीररचना तिने स्वतःच भिंतीवर आकृत्या चिकटवून पाठ केली. स्वयंपाकघरात चहाच्या डब्यावर आठ महिने माणसाचं ओटीपोट होतं. पाहुणे चहा नको म्हणायचे.

शेवटच्या वर्षी किरणोपचाराची प्रात्यक्षिक परीक्षा होती. खरा पेशंट, खरं यंत्र, देखरेखीला विभागप्रमुख बाई आणि बाहेरून आलेले परीक्षक. पेशंटच्या अंगावर आधीच तीन बारीक ठिपके गोंदलेले असतात, पेनाचं टोक टेकवल्याएवढे. एक पोटावर, दोन कमरेच्या दोन बाजूंना. भिंतींतून आणि छतातून लेझरच्या रेषा येतात. पेशंटला टेबलावर निजवून, टेबल हलवून, रेषा बरोबर त्या ठिपक्यांवर आणायच्या. मग एक फोटो काढून पडताळायचं आणि मगच किरण. रुग्ण टेबलावर आल्यापासून पंधरा मिनिटं. तीन वेळा बसायला मिळतं. तिसऱ्यांदा नापास झालं की अख्खं शेवटचं वर्ष पुन्हा. आणि त्याच विभागात जूनपासून एक जागा रिकामी होणार होती. विभागप्रमुख बाईंनी ती तिला देऊ केली होती, पास झाली तर.

पहिल्या वेळी तिने बावीस मिनिटं घेतली. अचूक सगळं, पण बावीस. नापास.

त्यावर मी जे केलं ते सांगून टाकते. मी तिला पळवायचं ठरवलं. जमिनीवर गादी टाकली, तिच्यावर मी स्वतः आडवी झाले, माझ्या जुन्या परकरावर खडूने तीन खुणा केल्या आणि शेजारी घड्याळ ठेवलं. पडल्या पडल्या ओरडायची, चल, हात उचल, काय बघत बसलीस. दीड महिना रोज संध्याकाळी. ती अकरा मिनिटांवर आली. मी बहिणीला फोन करून सांगितलंसुद्धा, की आता काम झालंच समज.

दुसऱ्या वेळी तिच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. माझ्या भाचीने भराभर सगळं केलं, लेझर ठिपक्यावर आणला, फोटो काढला. फोटोत हाडं अकरा मिलिमीटर सरकलेली. कमरेजवळचा तो ठिपका गोंदलेला नव्हताच. तो तीळ होता. खरा ठिपका बोटभर अलीकडे. फोटोत कळलं, त्यामुळे त्या शिक्षिकांना काही झालं नाही, टेबल नीट करून त्यांचा उपचार झाला. पण परीक्षेत तिथेच पडदा. ठिपका ओळखण्यात चूक असेल तर पुढचं काही बघतच नाहीत.

ती घरी आली. पायातल्या चपला काढून जागेवर लावल्या, वाकड्या वाटल्या म्हणून पुन्हा लावल्या. मीच म्हटलं, "तीळ आणि गोंदण यातला फरक आंधळ्याला कळेल."

"सावकाश बघितलं असतं तर मलाही कळला असता, मावशी."

परकरावर तीळ नव्हते. दीड महिना मी आडवी पडून तिला बघू नकोस, बघू नकोस म्हणत होते.

बहिणीचा फोन आला. ती रडली, मग मला बोलली, मग म्हणाली की राहू दे, येऊ दे तिला घरी, नाहीतरी या कामाचं कळलं की स्थळं बिचकतात. मी म्हटलं, स्थळांना आधी माझ्याकडे पाठव. फोन ठेवला तेव्हा मला दोघींचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर घड्याळाचाही.

तिसऱ्या परीक्षेआधी तिने माझ्याकडे सराव मागितला नाही. परीक्षेच्या नियमांचा कागद घेऊन चार दिवस बसली. दोन पानी कागद. मी विचारलं, यात चार दिवस वाचण्यासारखं काय आहे? म्हणाली, पहिली ओळ. मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

तिसऱ्या वेळचे पेशंट एक बसचालक होते, नुकतेच निवृत्त झालेले. ओटीपोटाच्या उपचाराला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून पेशंटला पाणी प्यायला लावून अर्धा तास बाहेर बसवून ठेवतात. ते पाणी पिऊन बसले. वीस मिनिटं झाल्यावर माझी भाची त्यांच्याकडे गेली, आपण कोण ते सांगितलं, परवानगी घेतली आणि त्यांना कपडे बदलायच्या खोलीत नेलं. हातात त्यांचा उपचाराचा कागद, त्यात ठिपक्यांचे फोटो. तिथे तिने तिच्या पद्धतीने, म्हणजे गोगलगाईच्या चालीने, तिन्ही ठिपके शोधले आणि त्यांच्या आसपास जे जे तीळ दिसले त्यांवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावले. पाच तुकडे लागले.

काकांनी विचारलं, "मला पार्सल करून पाठवताय की काय?"

"काका, हलू नका."

"तीस वर्षं गाडी चालवली. एवढा वेळ मी सिग्नलला सुद्धा थांबलो नाही."

आणि ठरलेल्या वेळी, पाणी पिऊन बरोबर तीस मिनिटांनी, ते टेबलावर आले. आता अंगावर दिसत होते ते फक्त खरे ठिपके. तिने रेषा आणल्या, पट्ट्या काढल्या, फोटो घेतला. दोन मिलिमीटरच्या आत. तेरा मिनिटं चाळीस सेकंद.

परीक्षक खवळले. ही फसवणूक आहे, वेळ टेबलाचा असतो, तुम्ही काम आधीच उरकून आलात. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, पेशंटला भरल्या मूत्राशयाने ताटकळत ठेवलं. यावर म्हणे तिने तो दोन पानी कागद त्यांच्यापुढे ठेवला. बसचालक अजून शर्टाची बटणं लावत होते, त्यांनी सगळं ऐकलं आणि घरी बायकोला सांगितलं. बायकोने विभागात सगळ्यांना. म्हणून मला भाचीकडूनही कळलं आणि विभागातूनही.

"नियमात 'रुग्ण टेबलावर आल्यापासून' असं आहे सर. आणि काका तसेही बसलेच होते. मी त्यांना एक मिनिटही जास्त थांबवलं नाही."

"उद्या प्रत्येक पेशंटला तू असं सजवत बसणार?" बाईंनी विचारलं.

"ज्यांना तीळ आहेत, त्यांना."

ते दोघं आत जाऊन अर्धा तास बसले. अर्ध्या तासात अजून दोन पेशंट झाले असते, पण तो वेळ कोण मोजतो? शेवटी पास केलं. शंभरात बावन्न. कागदावर शेरा मारला, पद्धत रूढ नाही. तोंडावर कोणी अभिनंदन केलं नाही.

जूनमध्ये तिला ती जागा मिळाली. जुलैत परीक्षेच्या नियमांचा नवा कागद निघाला. पहिली ओळ बदलली होती: वेळ आता बाहेर बसलेल्या पेशंटला नावाने हाक मारल्यापासून. बाकी मिनिटं तेवढीच, पंधरा. हे वाचून मी इतकी चिडले की विद्यापीठाला दोन पानी पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही, येणारही नाही.

गेल्या रविवारी खालच्या वर्गातली एक मुलगी दारात उभी. आत आली, पाणीही घेतलं नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही सुटलात. तुमच्यामुळे आमची पंधरा मिनिटं गेली."

माझ्या भाचीने जरा विचार केला. "दहा," ती म्हणाली. "पाणी प्यायल्यापासूनची शेवटची दहा. पण हाक मारायच्या आधी पेशंटचा कागद वाचायला कोणी मनाई केलेली नाही. ठिपक्यांचे फोटो त्यातच असतात. बस, दाखवते."

मुलगी बसली. मी चहा टाकला, प्यायले, कप धुतला, पेपर वाचला. आत डोकावले तेव्हा दोघी अजून पहिल्याच ठिपक्यावर होत्या.