उंची मागायला गेलो तो दिवस

माझ्या दोन्ही नडग्यांभोवती लोखंडी रिंगा होत्या, त्या रिंगांच्या तारा हाडातून आरपार गेल्या होत्या, आणि अशा अवस्थेत मी पुढच्या शस्त्रक्रियेची तयारी करत होतो. आज हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतं. पण त्या दिवसांत दुसरं काही सुचतच नव्हतं. पाठीला उशी लावून पलंगावर बसायचं आणि मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या मुलांचे पाय बघायचे. कुणी किती सेंटिमीटर वाढवलं, कोण किती महिन्यांत चालायला लागला, नडगीनंतर मांडी कधी केली, हे सगळं वहीत टिपत राहायचं. आई जेवणाचं ताट ठेवून जायची आणि ते तसंच गार व्हायचं. मन काही एका जागी बसत नव्हतं.

मी कोल्हापूरचा. शाहूपुरीत आमचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मी मिळून ते चालवतो. माझं वय एकतीस आणि उंची तेव्हा पाच फूट दोन इंच. गिऱ्हाईक यायचं, माझ्या डोक्यावरून आत नजर टाकायचं आणि मलाच विचारायचं, "पावणं, मालक कुठं हायत?" त्यांच्या मनात काही नसायचं, पण माझा दिवस तिथेच नासायचा. लग्नाची दोन स्थळं उंचीवरून मोडली. तिसऱ्या घरी चहा देताना मुलगी हसली. ती कशाला हसली ते मला आजही माहीत नाही, पण मी ते हसू घरी घेऊन आलो आणि किती तरी महिने उगाळत बसलो. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांकडे जाऊन पाय लांब करून घ्यायचं ठरवलं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते दुकानात बेअरिंगचे खोके लावत होते. ते तेव्हा माझ्याहून बोटभरसुद्धा उंच नव्हते. म्हणाले, "तुझ्याएवढाच हाय की रे मी. माझं काय अडलं?"

मी म्हणालो, "तुमचं काही अडलं नाही, म्हणूनच मी असा जन्माला आलो."

ते खोके लावत राहिले.

या शस्त्रक्रियेत हाड मधोमध कापतात आणि रिंगेवरचे नट रोज थोडे थोडे फिरवून दोन तुकडे एकमेकांपासून दूर नेतात. मधल्या फटीत नवं हाड धरू लागतं. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा विभागून. आम्ही जैन; लहानपणी पाठशाळेत णमोकार मंत्राची जपमाळ शिकवली होती, ती मी कधी आठवडाभर सलग ओढली नाही. पण हे नट एकदाही चुकवले नाहीत. नात्यात आणि गल्लीत मात्र सांगितलं होतं, मोटरसायकलवरून पडलो. लोक फळं घेऊन यायचे, हळहळायचे, रस्त्यांना शिव्या द्यायचे. कुणी आलं की आप्पा उठून आतल्या खोलीत जात. त्यांच्या तोंडून खोटं निघत नसे.

साडेपाच सेंटिमीटर झाले. आता नट फिरवायचे नव्हते, फक्त हाड घट्ट व्हायची वाट बघायची होती. पोटऱ्यांचे स्नायू हाडाच्या मानाने तोकडे पडल्यामुळे टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. मी वॉकर धरून चवड्यांवर घरभर फिरायचो. खरं तर समाधान वाटायला हवं होतं. पण भिंतीवर खूण केली आणि वाटलं, एवढंच? मग मांड्याही लांब करून घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं. दिवाळीनंतरची तारीख मिळावी म्हणून मी दवाखान्याला रोज फोन करू लागलो.

त्याच सुमारास डाव्या पायाच्या खालच्या तारेपाशी कातडी लाल झाली. आधी पाणी यायचं, मग पिवळं काहीतरी येऊ लागलं. संध्याकाळी अंग तापायचं. मी गुपचूप तापाची गोळी घ्यायचो. डॉक्टर मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून पाय बघायचे तेव्हा मी उजवा पुढे करायचो आणि डावा मागितला तर वरच्या बाजूनेच दाखवायचो. जखम चिघळल्याचं कळलं तर ते मांड्यांची शस्त्रक्रिया लांबवतील, एवढीच भीती होती. पाय जाईल ही भीती मला शिवलीसुद्धा नाही. माणूस किती आंधळा होऊ शकतो ते मी स्वतःत पाहिलं आहे.

एका रविवारी सकाळी आप्पा म्हणाले, "चल, बाहुबलीला जाऊन येऊया." कुंभोजजवळचं हे आमचं तीर्थक्षेत्र. लहानपणापासून किती वेळा गेलो असेन त्याची मोजदाद नाही. मी लगेच हो म्हणालो, कारण मला मागायचं होतं.

पांढऱ्या संगमरवरातली ती भव्य मूर्ती आकाशात गेल्यासारखी उभी असते. भगवान बाहुबली वर्षभर एका जागी ध्यानात उभे राहिले, इतके स्थिर की वेली त्यांच्या पायांवरून मांड्यांपर्यंत चढल्या. आमच्या धर्मात भगवंत कुणाला काही देत नाहीत आणि कुणाकडून काही घेत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी वॉकरवर रेलून हात जोडले आणि मागितलं. मांड्यांचं काम होऊ दे. आणखी दोन इंच मिळू देत. डोळे उघडले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मूर्तीच्या नडगीचं आणि मांडीचं प्रमाण नजरेने मोजतो आहे. लाज वाटली, पण मोजणं थांबलं नाही.

तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. आप्पांनी मला झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि ते अर्घ्य वाहायला गेले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पन्नाशीची एक बाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे येणारे लोक आधी तोंडाकडे बघत, मग रिंगांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. ही बाई माझ्या डाव्या घोट्याकडेच बघत होती.

"पावणं, ह्यो वास कवापासनं येतोय?"

मी दचकलो. वास फक्त मलाच येतो असं मी धरून चाललो होतो.

"कसला वास?"

"मुरगूडच्या एका दवाखान्यात पंचवीस वरसं ड्रेसिंग करत्ये मी. मला न्हाय कळायचा व्हय?" ती सरकून जवळ आली आणि परवानगी न विचारता पट्टी बाजूला केली. हाताची मागची बाजू नडगीला लावली, मग गुडघ्याला लावली. "कशानं झालं ह्ये?"

मोटरसायकल जिभेवर तयार होती. किती जणांना सांगून झालं होतं. का कोण जाणे, तिच्यापुढे ते शब्द बाहेर पडेनात. मी म्हणालो, "काही झालं नव्हतं. उंची वाढवायची म्हणून करून घेतलं."

मी तिच्या हसण्याची वाट बघत राहिलो.

"बरं," ती म्हणाली. "आणि ताप कवापासनं हाय?"

एवढंच. तिने "बरं" असं म्हटलं, जणू मी माझं गाव सांगितलं होतं. कित्येक महिन्यांचं ओझं त्या एका शब्दाने खाली उतरलं आणि मी रडायला लागलो. दहा दिवस, म्हणून सांगितलं. गोळ्यांचंही सांगितलं. आप्पा परत येऊन समोर उभे राहिले होते, त्यांनी सगळं ऐकलं.

ती त्यांना म्हणाली, "मालक, ह्यास्नी घरला न्हेऊ नका. थेट हाडाच्या डॉक्टरकडं. आत्ताच्या आत्ता. पू आत उतरलाय." तिने दोन्ही हातांनी माझा पाय तोलून धरला आणि गाडीत मागच्या सीटवर आडवा ठेवायला लावला. आप्पा तिचं नाव विचारत होते. तिने "निघा आधी" म्हणत दार लावून घेतलं.

कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी तार काढली तेव्हा जे बाहेर आलं ते मी लिहीत नाही. पू हाडापाशी पोचला होता. आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर नवं हाड तर गेलंच असतं, पायाचंही सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. जखम आतून साफ केली आणि कित्येक आठवडे सलाईनमधून औषध चाललं. मोबाईल धरायचीही ताकद नव्हती. मन मात्र धावतच होतं, छताच्या पंख्याभोवती फिरत होतं.

रोज सकाळी आप्पा यायचे. राहिलेल्या प्रत्येक तारेचं तोंड कसं पुसायचं ते त्यांनी नर्सकडून शिकून घेतलं होतं. चष्मा लावून, खाली वाकून ते एकेक जागा पुसत. एकदा मान वर न करताच म्हणाले, "मी तुला काय तरी कमी दिलं, असं वाटत ऱ्हायलं रे मला."

पाठशाळेत ऐकलेली गोष्ट त्या क्षणी पहिल्यांदा समजली. वर्षभर तप करूनही बाहुबलींना ज्ञान होत नव्हतं, कारण मनात एक शल्य टोचत होतं, की ज्या जमिनीवर मी उभा आहे ती भावाची आहे. ते शल्य त्यांनी स्वतः काढलं नाही. थोरला भाऊ भरत आपण होऊन आला, पायांशी वाकला, आणि ते गळून पडलं. माझं शल्य उंची नव्हतं. हे शरीर ज्यांनी दिलं त्यांच्यावरचा राग होता. आणि ज्यांच्यावर राग होता तेच माझ्या पायांशी वाकून बसले होते. मी त्यांचा हात धरला. "आप्पा, चुकलं माझं," एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "हलू नको, तार लागंल."

दिवाळीनंतरची तारीख मी सोडून दिली. रिंगा ठरल्यापेक्षा उशिरा निघाल्या, पण हाड धरलं. डावा घोटा अजून ताठ आहे, चालताना किंचित झोक जातो. नातेवाइकांना मी एकेक करून खरं सांगितलं. काही हसले, एक काका आजही बोलत नाहीत. आणि मन एकदम शांत झालं असंही नाही. अजून कधी कधी ते व्हिडिओ उघडतो आणि घाईने बंद करतो.

काठीशिवाय चालता येऊ लागल्यावर मी मुरगूडला गेलो आणि विचारत विचारत त्या ड्रेसिंगवाल्या मावशींचा दवाखाना शोधला. त्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पायाची पट्टी सोडत होत्या. मी ओळख सांगितली. त्यांना पटकन आठवेना.

"बाहुबलीला, झाडाखाली," मी म्हणालो. "तुम्हाला देवानंच पाठवलं होतं."

"देवानं कुठलं? भाचीला तिथल्या शाळंत सोडायला गेलते. यष्टी चुकली म्हणून बसलते झाडाखाली." मग माझ्या नडगीकडे नजर टाकून त्या म्हणाल्या, "भरलं की झ्याक. आलाच हायसा तर ह्यांचा पाय धरा जरा. वर. हलू देऊ नका."

मी खाली बसलो आणि त्या अनोळखी म्हाताऱ्याची टाच दोन्ही हातांत घेतली. भेगा पडलेली, मातीने काळी झालेली, जड टाच. मावशी सावकाश जखम पुसत होत्या. म्हातारा कळवळला की मी हात घट्ट करायचो, आणि तो माझ्या खांद्याला धरायचा. किती वेळ गेला ते समजलं नाही. पट्टी बांधून झाली तेव्हा लक्षात आलं की एवढ्या वेळात मला कुठेही जायचं नव्हतं, काही व्हायचं नव्हतं.

भगवंत काही देत नाहीत, हे मी आजही मानतो. मी जे मागितलं होतं ते मिळालं नाही, याबद्दल मी रोज हात जोडतो. आपल्याला काय हवं ते आपल्याला कळतंच असं नाही, एवढं कबूल करून टाकलं की पुढचं कुणाच्या तरी हातून होतं. ते हात ओळखीचे असतातच असं नाही, आणि त्यांना ते आठवायलाही हवं असं नाही.