हॉलमधला साहेब

चहा आधी संपवून घ्या बाई, नाहीतर नाकातून येईल! मी जी माती खाल्ली ना, ती ऐकताना तोंडात काही नसलेलं बरं.

मला वेड इंग्रजी भुतांच्या गोष्टींचं. आत्ताच्या नव्हेत हं, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या. त्यात एक तरी तसबीर असतेच. मेलेल्या उमरावाची. तिचे डोळे फिरतात, ओठ हलतात आणि घरातलं कुणीतरी गचकतं! तर जुन्या पनवेलात एका जुन्या फर्निचरच्या दुकानात मला अगदी तसाच एक साहेब दिसला. काळवंडलेलं तैलचित्र, गळाबंद कोट, गालभर कल्ले, आणि नजर अशी की मीच त्याचं काहीतरी चोरलंय. उचललाच! नवीन पनवेलच्या आमच्या वन बीएचकेत टीव्हीशेजारी टांगला.

"हे कोण?" नवऱ्याने विचारलं.

"आर्ट आहे ते."

विषय संपला.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. आपट्याला, गावी नदीकाठच्या घरात एकट्या राहायच्या, तिथे चक्कर येऊन पडल्या. नवऱ्याने मला बजावलं, "आईला इथे करमलं पाहिजे. परत गेली आणि पुन्हा पडली, तर तिथे बघायला कुणी नाही. जरा सांभाळून घे." मी घेतलंच असतं हो! पण साहेबाने घेऊ दिलं तर ना?

एके सकाळी हॉलमध्ये येते तर साहेबाच्या फ्रेममध्ये जास्वंदीचं फूल. वाऱ्याने आलं असेल म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर, डासांच्या जाळीतून! माणूस स्वतःला काहीही पटवतो.

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या कपाळाच्या मधोमध लाल, ओला ठिपका. रक्त! कुंकवाच्या देशात जन्मलेली बाई मी, पण डोक्यात सगळी इंग्रजी भुतं. ओल्या फडक्याने पटकन पुसला. आईंनी बघितलं तर थेट आपट्याची बस धरतील, ही धास्ती.

"तू याला काही लावलंस का?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी टूथपेस्टचं झाकण लावत नाही, याला काय लावणार?"

मग ते रोजचंच झालं. रोज नवा ठिपका, रोज माझं फडकं. आणि सासूबाई दिवसेंदिवस गप्प. जेवण निम्म्यावर आलं. माझ्याकडे बघेनात, साहेबाकडे मात्र चोरून बघायच्या. गोष्टींत अगदी असंच होतं, तसबीर घरातल्या एकाला धरते आणि तो माणूस झिजत जातो. यांना काही झालं तर नवऱ्याला काय तोंड दाखवू?

एका पहाटे जाग आली तर हॉलमधून पुटपुटणं. बायकी आवाज! एवढे कल्ले असून? मी पांघरूण डोक्यावर ओढून रामरक्षा सुरू केली, ती पहिल्या दोन ओळींपुढे सरकेना.

उजाडल्यावर ठरवलं, आज साहेब जाणार. नवरा ऑफिसला गेला तशी मी तसबीर खिळ्यावरून उतरवली, जुन्या चादरीत गुंडाळली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि जरा मोठ्यानेच म्हटलं, "चालता हो मेल्या माझ्या घरातून!"

वळून बघते तर दारात सासूबाई. हातात भरलेली पिशवी, डोळ्यांत पाणी.

"नको गो त्यांना शिव्या देऊस. मीच जाते आपट्याला."

"अहो आई, तुम्हाला कोण काय म्हणालं?"

"माजा हात लागलेला तुला चालत नाय, कळलं मला. मी गंध लावायचं, तू पुसायचं. आता तर आज्यालाच घराभायेर काढतेस, माज्यापायी!"

"आजा? कुणाचा आजा?"

"तुजाच की! मायेरचा. रोज पयलं फूल त्यांना. पाया पडून सांगायची, मला इथं राऊ द्या, तुमच्या नातीला माजा तरास नको व्हायला."

आपल्याकडे भिंतीवर म्हातारं माणूस टांगलेलं असलं की ते गेलेलं, आणि गेलेलं म्हणजे घरचं. दुसऱ्या कुणाला टांगतो का हो आपण? आणि ही माउली रोज त्या परक्या साहेबापुढे हात जोडून माझ्या घरात जागा मागत होती. मला भडभडून आलं. पिशवी हिसकावून घेतली, सगळं सांगून टाकलं, भुतांसकट. "तुम्ही कुठेही जायचं नाही!" म्हटलं. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, ठसका लागेपर्यंत.

"पण आई, हा माझा आजोबा वाटलाच कसा तुम्हाला? चांगला गोरा साहेब तो!"

त्यांचं हसू थांबलं. चादर जराशी बाजूला करून त्यांनी साहेबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रागवू नको हां. पयल्या दिवशी माज्या हातून चहात साखर जास्त पडली, तेव्हा तू बघितलंस ना माज्याकडं? अगदी तसाच बघतो गो हा! म्हटलं, हिला काय बोलायची आपली हिंमत नाय, निदान हिच्या आज्याला तरी खूश ठेवू."